येथे सीडी घासून मिळेल

अलिबागला एसटी स्टँडवर उतरून बाजारात शिरलं की पूर्वी सीडी लायब्ररीच्या पाट्या जागोजागी दिसायच्या. त्यातली एक आमची. दुकान दादानं १९९८ च्या दिवाळीत टाकलं, आणि कॉलेज संपल्यावर मीही गल्ल्यावर बसायला लागले. सुरुवातीला पाटीवर एकच ओळ होती, 'येथे सीडी भाड्याने मिळेल'. पुढे तिच्याखाली रंगाऱ्याकडून दुसरी ओळ लिहून घेतली, 'येथे सीडी घासून मिळेल'. त्या दुसऱ्या ओळीचा धंदा मी सांभाळला आणि त्याचाच इतिहास इथे लिहून ठेवतेय. आंग्र्यांवर, किल्ल्यांवर, मिठागरांवर आमच्या भागात पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. पण चरे पडलेल्या चकत्या घासून देणारे लोक पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत होते, त्यांचं एक शास्त्र होतं, त्यात धोके होते, आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत उगवून मावळलं.

सीडीच्या आधी कॅसेटचा जमाना होता. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले, मागोमाग व्हिडिओ कॅसेट आल्या. कॅसेट झिजली की चित्रात पांढऱ्या रेघा यायच्या, आवाज खरखरायचा, पण सिनेमा शेवटापर्यंत जायचा. सोनी आणि फिलिप्सची सीडी जगात आली तीही १९८२ सालीच. तिच्यावर सिनेमा बसवण्याचा मार्ग १९९३ मध्ये ठरला आणि व्हीसीडी जन्मली. आमच्याकडे ती पोचेपर्यंत शतक संपत आलं होतं. सोनीचं प्लेस्टेशन जपानात डिसेंबर १९९४ मध्ये निघालं, प्लेस्टेशन टू मार्च २००० मध्ये. आमच्या किनाऱ्यावर ही यंत्रं आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगांतून, मुंबईच्या मावसभावंडांकडून, मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांतून उतरली. दादानं दुकानाच्या मागच्या खोलीत दोन मांडली, तासाला वीस रुपये. 'टेकन ३', 'व्हाइस सिटी', नंतर 'क्रिकेट ०७'. शाळा सुटली की त्या खोलीत उभं राहायला जागा नसायची.

चकतीला चरे का पडतात ते सगळीकडे सारखंच, पण आमच्याकडे त्याला हंगाम होते. पहिला मे महिन्याचा. मुंबईची मुलं वरसोली-नागावच्या कॉटेजवर राहायला यायची, सोबत गेमच्या डिस्क, आणि त्या परत यायच्या प्लास्टिकच्या पिशवीत वाळूसकट. वाळूचा कण पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे पिशवी नुसती हलली तरी काम होतं. दुसरा हंगाम जून-जुलैचा. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, थळ-आक्षी-साखरचे खलाशी घरी. एक डिस्क भाड्यानं जायची आणि आळीतल्या पाच घरांत फिरून यायची, कव्हराशिवाय, टीव्हीवर उघडी पडलेली. 'ताई, अटकतंय गो, घासून दे ना' हे वाक्य मी पावसाळ्यात जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेन. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत हवेत इतका दमटपणा की भिंतीवर हात ठेवला तर ओला व्हावा.

आता घासणं म्हणजे काय ते सांगते, कारण गिऱ्हाइकांच्या मनात त्याबद्दल मोठा गैरसमज होता. सगळ्यांना वाटायचं, पॉलिश मारलं की चरा भरून येतो. तसं काही नसतं. आक्षीला एक शिलालेख आहे, शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा. त्यातली अक्षरं दगडाच्या अंगावर आहेत, दगड झिजला की अक्षर गेलं. सीडीत अक्षरं अंगावर नसतात. १.२ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पॉलिकार्बोनेट, त्याच्या पलीकडच्या तोंडाला सूक्ष्म खड्ड्यांची वर्तुळाकार माळ, त्यावर अॅल्युमिनियमचा आरशासारखा थर, त्यावर लॅकरचा पातळ लेप आणि छापील चित्र. लेझर खालून येतो, सगळा पॉलिकार्बोनेट ओलांडून आरशावर आपटतो आणि परततो. चरा पडतो तो खालच्या प्लास्टिकला. माहिती जागच्या जागी असते, फक्त तिच्यापर्यंत जाणारी वाट गढूळ होते.

ती वाट साफ करायची तर चऱ्याभोवतीचं प्लास्टिक चऱ्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं. रेवदंड्याकडे होड्या बांधणाऱ्या सुतारांना हे मला कधी समजावून सांगावं लागलं नाही. फळीवर खोच पडली तर ती काढायला सगळी फळी रंध्यानं खाली आणावी लागते, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. म्हणजे प्रत्येक पॉलिश हे प्लास्टिकमधून काढून घेणं आहे, त्यात भर घालणं कधीच नाही. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय डिस्क हातात घेऊ नये असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

म्हणून घासण्याआधी बघणं महत्त्वाचं. चकती आली की ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. मधल्या भोकापासून कडेकडे जाणारा चरा दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. कारण लेझर तो पटकन ओलांडून जातो आणि तेवढी हरवलेली अक्षरं यंत्र हिशेबानं भरून काढतं. हा हिशेब अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० साली मांडला, सीडीच्या कितीतरी आधी. त्याच्या जोरावर सीडी सलग अडीच मिलिमीटरच्या आसपासचं नुकसान पचवते, डीव्हीडी सहाच्या आसपास. खरा घातक चरा वर्तुळाला धरून जातो. लेझरची वाट आणि चऱ्याची वाट एकच झाली की हरवलेला मजकूर त्या मर्यादेपलीकडे जातो, आणि लेझर आपला मार्गच सोडून शेजारच्या ओळीत घुसतो. दुसरी परीक्षा नखाची. चऱ्यावरून नख अलगद फिरवायचं. नखाला काही लागलं नाही तर नुसत्या हातपॉलिशनं भागतं. नख अडखळलं तर यंत्र. आणि नख रुतलं तर डिस्क परत द्यायची आणि साफ सांगायचं की भाऊ, हिच्या तळापर्यंत जायचं तर फार काही उरणार नाही.

सिनेमाच्या आणि गेमच्या चकतीत इथे मोठा फरक पडतो. सिनेमा अटकला तर चित्राचे चौकोन होतात, हिरोचा चेहरा तुटतो, चार सेकंदांनी गाडी पुढे जाते. गेमला एकेक अक्षर जसंच्या तसं लागतं. एक तुकडा मिळाला नाही की तिसऱ्या लेव्हलवर पडदा काळा, आणि पुन्हा लावलं की पुन्हा तिथेच. म्हणून गेमवाला पोरगा पुन्हा पुन्हा यायचा, आणि पुन्हा पुन्हा घासून घेणं हाच सगळ्यात मोठा धोका.

दुसरा धोका, विनाकारण घासण्याचा. कित्येकदा डिस्क धडधाकट असायची आणि दोष यंत्राच्या डोळ्यात. आमच्या खाऱ्या हवेत लेन्सवर महिनाभरात अंधुक थर बसायचा. पोरगा म्हणणार डिस्क गेली. मी ती मागच्या खोलीतल्या दुसऱ्या यंत्रात लावायची. तिथे चालली तर घासायचं नाव काढायचं नाही, वीस रुपये गेले तरी चालतील. काही दुकानांत अशी तपासणी न करता सरळ पॉलिश मारून पैसे घ्यायचे. त्याची चीड मला तेव्हाही होती आणि आजही आहे, कारण पोरानं ती डिस्क खाऊचे पैसे साठवून घेतलेली असायची.

घरगुती उपाय तर विचारू नका. टूथपेस्ट, पितळेची भांडी चकाकवायचं ब्रासो, केळ्याची साल, खोबरेल, सगळं माझ्या काउंटरवर येऊन गेलंय. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, त्यामुळे बारीक ओरखड्यावर ती थोडं काम करते, हे खरं. पण बोट गोल फिरवायची सवय आपल्या हाताला जन्मजात. गोल घासलं की वर्तुळाला धरून शेकडो बारीक रेघा पडतात, म्हणजे एक चरा घालवायला नेमक्या वाईट जातीचे चरे आपणच घालून ठेवायचे. खोबरेलानं चरा तात्पुरता भरतो, डिस्क एकदा चालतेही, मग तेल यंत्रात उडतं आणि लेन्स चिकट होते. पुसायचं ते नेहमी मधून कडेकडे, सरळ, मऊ सुती कापडानं. जुना धुवट पंचा सगळ्यात चांगला.

पहिल्या काळात किनाऱ्यावरच्या बहुतेकांची यंत्रं घरचीच होती. शिलाई मशीनची मोटर, तिच्यावर सोनाराकडचं फेल्टचं चाक आणि पॉलिशची वडी. चाक एका जागी जरा जास्त टेकलं की तिथे पॉलिकार्बोनेट तापून धुरकट व्हायचं. तो धुरकटपणा वरचा नसतो, प्लास्टिक थोडं आतपर्यंत बिघडलेलं असतं. शिवाय एका बाजूला जास्त झीज झाली की डिस्क फिरताना डुलते. पुढे दादानं लॅमिंग्टन रोडवरून परदेशी यंत्र आणलं. त्यात चकती आणि गादी दोन्ही फिरतात, पाणी शिंपडत राहावं लागतं, आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग पॉलिशची पेस्ट. भारनियमनाचे ते दिवस. मध्येच वीज गेली की ओली गादी चकतीवर तशीच चिकटून राहायची, ती ताबडतोब उचलली नाही तर गोल डाग. पाण्याचंही बघावं लागायचं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, गादी वाळली की तिच्यात क्षाराचे कण धरायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच कण नवे ओरखडे काढायचे. मी गादी पिण्याच्या पाण्यानं धुऊन काढायची आणि ते पाणी शेजारच्या घरातून हंड्यानं आणायची.

प्लास्टिक सारखं झालं तरी पातळ झालेलं असतं, आणि लेझरचं भिंग ठरावीक जाडीसाठी घडवलेलं असतं. जाडी फार कमी झाली की किरणाचा ठिपका फाटतो, वाचता येत नाही. सीडीला यात बरीच सूट असते. डीव्हीडीत कमी, कारण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली, माहिती मधोमध, त्यामुळे लेझर आणि माहितीमधलं प्लास्टिक निम्मंच. शिवाय ओळीही दाटीच्या. सीडीत दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४. म्हणून प्लेस्टेशन टूच्या निळ्या पाठीच्या गेम, ज्या खरं तर सीडी होत्या, त्या दोन-तीन पॉलिश सहज सोसायच्या. चंदेरी डीव्हीडीला मी एकापलीकडे हो म्हणायला नाखूश असायची. 'गॉड ऑफ वॉर २' सारखी दुहेरी थराची असेल तर आणखी सावध. तिच्यात परतणारा प्रकाश मुळातच कमी, वाट जराशी गढूळ राहिली तरी दुसरा थर दिसेनासा होतो.

मग ब्लू-रे आली. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन थ्री निघालं आणि त्याच्याबरोबर आमच्या धंद्याचं गणितच मोडलं. ब्लू-रेत माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत. इतकी वर की सुरुवातीच्या ब्लू-रे चकत्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून विकल्या जायच्या. टीडीके कंपनीनं अत्यंत कठीण असा पारदर्शक लेप काढला, तेव्हा कुठे त्या उघड्या हाताळणं शक्य झालं. त्या लेपामुळे ब्लू-रेला साधे ओरखडे पडतच नाहीत. पण पडले, तर यंत्रात घालणं म्हणजे आधी तो लेप खरवडून काढणं. लेप गेल्यावर खालचं मऊ अंग उघडं पडतं, आणि पुसण्याच्या कापडानंही चरा जातो. एक कॉलेजचा मुलगा दुसरीकडून घासून आणलेली ब्लू-रे घेऊन आला होता. आरशासारखी चकचकीत, एक रेघ नाही, आणि कुठल्याही यंत्राला दिसत नव्हती. अडीच हजारांची ओरिजिनल डिस्क. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्या आठवड्यात मी काउंटरवर कागद चिकटवला, 'ब्लू-रे घासली जाणार नाही'.

वरच्या बाजूचं दुखणं मात्र कुणीच गांभीर्यानं घेत नसे. सीडीचा आरसा चित्राच्या बाजूला, नुसत्या लॅकरच्या लेपाखाली. तिथे बॉलपेननं जोर देऊन नाव लिहिलं, स्टिकर लावून ओढून काढला, की आरसाच उचकटतो. ट्यूबलाइटसमोर धरली की टाचणीएवढी भोकं लकाकतात. खालून कितीही घासा, तिथे माहितीच उरलेली नसते. कॉपी केलेल्या सीडीचं तर आणखी नाजूक, कारण त्यातली माहिती रंगाच्या थरात भाजलेली. आणि दमट हवेत कडेनं ओल शिरली की अॅल्युमिनियम काळवंडतं. २००१ मध्ये माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले संशोधक हाविएर गार्सिया-गिनिया यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीत बुरशी सापडल्याचं जाहीर केलं. जिओट्रायकम जातीची ती बुरशी कडेनं शिरून प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम दोन्ही खात गेली होती. आमच्या किनाऱ्यावरच्या पावसाळ्याला बेलीझच्या दमटपणाचं काय कौतुक! श्रावण संपता संपता आमच्या रॅकमधल्या काही चकत्यांच्या कडेला तपकिरी नक्षी उमटलेली असायची. त्या मी यंत्राजवळही नेत नसे, कारण पाण्यानं कडेचा लेप आणखी सुटतो.

मधल्या भोकाला तडा गेलेली डिस्कही नाही म्हणायची. संगणकाचे ५२ एक्सचे ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतात. त्या वेगात तडा गेलेली चकती फुटली की तुकडे ड्राइव्ह फाडतात. घासून चकचकीत केली तरी तडा तसाच राहतो, उलट दिसेनासा होतो, आणि ते अधिक वाईट.

धंदा बदलला तो किमतीनं. मोझर बेअर कंपनी सिनेमाच्या बाजारात उतरली आणि २००७ मध्ये ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायला लागली. घासायला आम्ही वीस घ्यायचो. मग सिनेमा कोण घासून घेणार? एका वर्षात आमच्याकडे घासायला फक्त गेम उरले. २००९ मध्ये राज्य सरकारनं धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या एमपीडीए कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना त्यात ओढलं, आणि शंभर रुपयांच्या कॉप्या विकणारे बरेच गाळे गप्प झाले. उरल्या त्या महागड्या ओरिजिनल. म्हणजे हातात येणारी प्रत्येक चकती जास्त मोलाची, जास्त नाजूक, आणि चुकीला जागा कमी. जानेवारी २०१३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन टूचं उत्पादन थांबवलं. २०१६ पासून मोबाइलवर स्वस्त इंटरनेट आलं आणि भाड्याची ओळ पाटीवरून पुसली गेली. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जुन्या मालाची खोकी पोटमाळ्यावर होती. पत्रे उडाले, खोकी भिजली, आणि वीज परत येईपर्यंत ती उघडून बघणंही झालं नाही. नंतर मी एकेक चकती साध्या पाण्यात धुऊन वाळत घातली. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडी जवळजवळ सगळ्या वाचल्या, कारण आरसा दोन चकत्यांच्या मध्ये होता. कॉपी केलेल्या सीडींचा आरसा कागदासकट सोलून आला. टेकनच्या तीन प्रती होत्या, त्यातली छापील तेवढी आजही चालते.

वादळानंतर यंत्राला पुन्हा काम आलं, आणि ते अजून चालू आहे. आता गेम क्वचित येतो. येतात त्या लग्नाच्या डीव्हीडी, बारशाच्या, गावच्या पालखीच्या, समुद्रावर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसाचा चेहरा ज्यात शेवटचा दिसतो अशा. या सगळ्या कॉपी केलेल्या, दुसरी प्रत कुठेच नसलेल्या. इथे मी आधी कॉपी, मग पॉलिश हा क्रम कधी मोडत नाही. डिस्क आली की पहिल्यांदा ती जुन्या ड्राइव्हमध्ये सगळ्यात कमी वेगानं लावते आणि जेवढं वाचता येईल तेवढं संगणकावर उतरवून घेते. जिथे अडतं तो भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावते. मग तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये, कारण एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. दोन्हीकडचे तुकडे जोडून फाइल पूर्ण झाली तर यंत्र सुरूच करत नाही. थोडं उरलं असेल, तर उरलेल्या जागेपुरतं हातपॉलिश, मधून कडेकडे, आणि पुन्हा वाचन. यंत्राची पाळी सगळ्यात शेवटी येते, तीही घरच्यांना विचारून. याला दोन दिवस लागतात आणि पैसे पूर्वीपेक्षा जास्त पडतात, पण मुरुडहून, बोर्लीहून माणसं एसटीनं डिस्क घेऊन येतात आणि दोन दिवस थांबायला तयार असतात.